गळू समजून वस्तरा लावणार होतो

"नाना, ही गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "गळूपण नाही. मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी असते मानेत, ती तुमची फाटली आहे."

जळगावचा दवाखाना. दुपारचे बारा वाजले असतील. डॉक्टरांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पांढरी नळी खालून वर सरळ चाललेली, आणि जबड्याच्या जवळ तिला एका बाजूनं वांगं लटकलेलं. भरताचं वांगं असतं ना, देठाशी बारीक आणि खाली फुगलेलं, तसं.

"याच्यात पू कुठं आहे?" मी विचारलं.

"पू नाहीच. सगळं वाहतं रक्त आहे."

"मग याला वस्तरा लावला असता तर?"

"कोण लावणार होतं?"

माझी बायको शेवंता बाजूच्या खुर्चीवर होती. ती बोलली, "हेच लावनार होते. सोताच. आरशात पाहून."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन मिनिटं. फार तर तीन. इथं माझ्यासमोर लावला असता तरी तुम्हाला वाचवणं कठीण होतं."

मला घाम फुटला. पंखा डोक्यावर फिरत होता तरी सदरा पाठीला चिकटला. मी शेवंताकडे पाहिलं नाही. तीन दिवस मी तिच्याशी बोलत नव्हतो, कारण तिनं माझा वस्तरा लपवला होता.

हे मी का लिहितो ते सांगतो. मी तिसरीपर्यंत शिकलो. माझा बाप बैलांची गळवं फोडायचा, त्याच्याकडून मी ते काम घेतलं. आधी बैल केले, मग माणसं. आमच्या रावेर भागात आजूबाजूच्या गावांतून लोक माझ्या ओट्यावर यायचे. कोणाच्या पाठीला, कोणाच्या काखेत, कोणाच्या अशा जागी की सांगायची लाज वाटावी. पिकलं की नाही ते मी बोट ठेवून सांगायचो. एका चिरेत मोकळं करायचो. चाळीस वर्षांत माझ्या हातून कोणी दगावलं नाही. "नानाचा हात हलका" असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. मी स्वतः मात्र सत्तर वर्षांत एकही सुई टोचून घेतली नव्हती.

मला सगळं कळतं असं वाटत होतं. घात त्यानं झाला.

आता पहिल्यापासून सांगतो. वैशाखात केळी निसवलेली होती, घड भरत होते. वारं फार सुटलं की झाड घडासकट आडवं होतं, म्हणून आम्ही बांबूचे टेके लावतो. मी एक टेका लावत होतो. झाड वाऱ्यानं हललं, टेका घसरला आणि त्याचं तासलेलं टोक माझ्या डाव्या जबड्याखाली घुसलं.

रक्त फार आलं. मी रुमाल दाबून बांधावर बसलो. अर्ध्या तासानं थांबलं. जखम बघितली तर बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. घरी येऊन हळद भरली. चार दिवसांत खपली धरली. मी विसरलो.

पंधरा दिवसांनी तिथं बोराएवढी गाठ आली. मग सुपारीएवढी झाली. मग लिंबाएवढी.

दुसरी एक गोष्ट झाली. दुपारी जेवून मी डाव्या कुशीवर पडलो की कानात आवाज यायचा. घूं, घूं, घूं. लांबच्या मळ्यात मोटर चालावी तसा. मी शेवंताला विचारलं, "लाईट नसताना कोणाची मोटर चालू आहे?"

ती दारात जाऊन ऐकून आली. "कोनाचीच नही."

"तुझे कान गेले."

"मोटर तुमच्या डोक्यात चालू राह्यली," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली. ती चेष्टेनं बोलली होती. पण ते तंतोतंत खरं निघालं. तो माझ्याच रक्ताचा आवाज होता, फाटलेल्या नळीतून बाहेर पडतानाचा.

मग माझा बोलायचा आवाज बसला, घोगरा झाला. डावी पापणी थोडी खाली आली. गावातले लोक म्हणू लागले, नाना या वयात डोळा मारतात. मीपण हसलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गाठ आवाजाच्या आणि पापणीच्या नसांवर दाब देत होती, त्याची ही खूण. म्हणजे अंग मला सांगत होतं. एकदा नाही, तीन वेळा सांगितलं. मी ते हसण्यावारी नेलं.

गळू आहे, पिकायला वेळ लागतोय, असं मी ठरवलं. शेवंताला कांदा भाजून पोटीस बांधायला सांगितलं. तिनं फडकं गाठीवर ठेवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"आवो, हे उड्या मारू राह्यलं."

"गळू ठणकतंच."

"ठनकतं ते तुमाले ठनकंन. माह्या हाताले कसं काय लागंन? हे माह्या हाताले लागू राह्यलं."

वाचणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावं. मी चाळीस वर्षं गळवांना बोट लावलं आणि मला हे सुचलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या बायकोला सुचलं. गळवाची ठणक आजाऱ्याला कळते. पण दुसऱ्यानं हात ठेवला आणि त्याच्या हाताला ठोके लागले, तर ते गळू नाही, ती रक्ताची गाठ समजावी. तिला दाबू नये, चोळू नये, शेकू नये. मी हे तिन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीला आरसा लावला. पाणी उकळलं. वस्तरा घ्यायला फळीवर हात घातला तर वस्तरा नाही.

"वस्तरा कुठं आहे?"

"नही सांगत," शेवंता म्हणाली.

"सांग म्हणतो."

"मारून टाका, तरी नही सांगत."

"मी दुसरा आणीन."

"आना. तोबी लपवीन."

आमच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. तिनं मला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मी रागानं पाणी ओतून दिलं आणि बोलणं सोडलं. तिनं तेवढ्यात धुळ्याला फोन केला, आमच्या लताला.

लता आमची एकच लेक, मला आबा म्हणते. धुळ्याला दिली. जावई संजयराव मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करतात, सज्जन माणूस. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही. आता आमच्यात पूर्वीपासून एक चाल आहे. लेकीला मूल होत नाही तोवर बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेक लोकांनी ती सोडून दिली. मी सोडली नाही. माझ्या बापानं पाळली, मी पाळणार. धुळ्याला गेलो की मी माझा फिरकीचा तांब्या घेऊन जायचो, झाकणाला आटे असतात तो, आमच्या विहिरीचं पाणी भरून. लताच्या ओट्यावर बसायचो, बोलायचो आणि संध्याकाळच्या आत परत यायचो. त्याचा मला अभिमान होता. लोक म्हणायचे, नाना शब्दाचा पक्का.

फोन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लता आली. दारातच पिशवी ठेवली आणि माझ्या गाठीवर हात ठेवला. तिचा चेहरा उतरला.

"आबा, चला दवाखान्यात."

"पिकलं की आपोआप फुटेल."

"फुटलं तं?"

शेवंतानं तिला पाण्याचा पेला आणून दिला. लतानं तो हातात घेतला, पाहिला आणि खाली ठेवला.

"तुम्ही उठत नाही तोवर मीबी या घरचं पाणी घेनार नाही," ती म्हणाली. "मलेबी चाल पाळता येते."

मला वाटलं, अर्ध्या तासात पिईल. ऊन चढलं. पत्रा तापला. ती ओट्यावर खांबाला टेकून बसलेली. ओठ सुकले. शेवंता दोनदा पेला घेऊन गेली, दोनदा परत आली. माझीच पोरगी ती, हट्ट कुठून आला हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन वाजले तसा मी धोतर सारखं केलं आणि म्हणालो, "चल. पण सुई टोचून घेणार नाही."

आधी ती पाणी प्यायली. दोन पेले, उभ्यानं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नळी कानाला लावून गाठ ऐकली. मी म्हटलं, छाती ऐकतात तशी गाठ काय ऐकता? त्यांनी हातानं गप्प केलं. मग सोनोग्राफी केली. मग मला हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, याला आता कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. जोरात खोकायचं नाही, जोर लावायचा नाही. सरळ जळगाव."

जळगावला सीटी अँजिओग्राफी केली. म्हणजे हाताच्या शिरेतून एक औषध सोडतात आणि गोल मशिनीत घालून फोटो काढतात. औषध गेलेल्या सगळ्या नळ्या फोटोत पांढऱ्या दिसतात. औषध सोडताना अंग एकदम गरम होतं आणि धोतरात लघवी झाली असं वाटतं. मला तसंच वाटलं आणि मी शरमलो. झालेली नसते. ज्यांना करायची वेळ येईल त्यांनी घाबरू नये. माझी आयुष्यातली पहिली सुई ती.

आणि मग तो फोटो. ते वांगं.

डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, कॅरोटिड आर्टरीचा स्यूडोअ‍ॅन्युरिझम. मी पाच वेळा म्हणून पाठ केलं. कॅरोटिड आर्टरी म्हणजे मानेतून मेंदूला रक्त नेणारी नळी, डावी एक, उजवी एक. स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणजे खोटा फुगा. खऱ्या फुग्यात नळीची भिंत फुगते. इथं भिंतीला भोकच पडलेलं असतं, रक्त बाहेर येतं आणि आजूबाजूचं मांस त्याला धरून ठेवतं.

"म्हणजे त्या रक्ताला आवरायला काय आहे?" मी विचारलं.

"पातळ पापुद्रा आणि तुमचं नशीब," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "ठिबक आहे ना तुमच्या केळीला? नळीला भोक पडलं तर काय करता?"

"कापतो आणि जॉइनर घालतो."

"आपण कापायचं नाही. आतूनच जॉइनर सरकवायचा. त्याला कव्हर्ड स्टेंट म्हणतात. बारीक तारेची जाळी, तिच्यावर कापडासारखं आवरण. आत उघडली की भोक झाकतं. रक्त नळीतून सरळ वर जातं, फुग्याला रक्त मिळत नाही, तो सुकतो."

"व्हॉल्व बंद करून?"

"तेच तर. व्हॉल्व बंद करता येत नाही, नाना. वर मेंदू आहे."

चालू पाण्यात मी कधी जॉइनर घातलेला नाही. कोणीच घालत नाही. अंगावर चिळकांडी येते.

मान उघडून शिवण्याचं ऑपरेशनही होतं. पण माझं भोक फार वर, जबड्याच्या आड. तिथं चाकू पोहोचायला अवघड. म्हणून स्टेंट. ते काम करणारे डॉक्टर धुळ्याला होते.

अ‍ॅम्ब्युलन्समधून धुळ्याला नेलं. पारोळ्याच्या रस्त्याला प्रत्येक गचक्याला शेवंता माझ्या मानेकडे पाहायची. एकदा मी म्हटलं, "किती पाहशील?" तीन दिवसांनी बोललेला तो पहिला शब्द. ती म्हणाली, "वस्तरा ज्वारी-उडदाच्या कळन्याच्या पिठात आहे. म्हटलं, तुम्ही काय पिठाच्या डब्यात हात घालत नही." आणि मग ती रडली.

धुळ्याला एक चाळिशीची बाई आली, माझी कागदं वाचली, मान पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. ती गेल्यावर मी लताला विचारलं, "मोठे डॉक्टर कधी येतील?"

"त्याच मोठ्या डॉक्टर आहेत, आबा."

मला धक्क्यावर धक्के बसत होते, त्यात हा एक. त्या बाई फार कमी बोलायच्या, पण खोटं बोलल्या नाहीत. कागदावर सही घेताना त्यांनी सांगितलं, "आबा, काम करताना लकवा मारू शकतो. बोलणं जाऊ शकतं. जीवही जाऊ शकतो. काही केलं नाही तर गाठ कधी फुटेल ते मी सांगू शकत नाही." मी सही केली. तिसरीत शिकलेली, मोठ्या अक्षरांची. खाली लतानं केली.

चार दिवस दवाखान्यात ठेवलं. गाठीत जंतू नाहीत ना ते रक्तातून पाहिलं, कारण जंतू असले तर आत जाळी ठेवणं धोक्याचं. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या रोज दिल्या. मी म्हटलं, रक्त फुटायला निघालंय आणि तुम्ही आणखी पातळ करता? बाई म्हणाल्या, जाळी नवीन असते, तिच्यावर रक्त गोठलं तर गुठळी मेंदूत जाते, म्हणून. उलटं वाटतं, पण गोळ्या चुकवू नका.

दवाखान्यातलं पाणी प्यायला चालीची आडकाठी नव्हती. मी तांब्या तिथल्या नळावर भरून घ्यायचो. शेवंता दिवसभर माझ्यापाशी असायची आणि झोपायला लताकडे जायची. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "तू तिच्याकडे उपाशी राहते का?"

ती पदरानं तोंड पुसत बसली.

"जेवते?"

"मी तं लग्नापासून जेवू राह्यली तिच्याकडं."

"सोळा वर्षं?"

"सोळा वर्षं. तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं."

बाजूच्या खाटेवरचा माणूस हसायला लागला. मला त्या दिवशी मानेचा धक्का मोठा की हा मोठा, काही कळेना.

बुधवारी सकाळी मला आत नेलं. थंडगार खोली, वर मोठी मशीन, भिंतीवर टीव्ही. मला वाटलं बेशुद्ध करतील. बाई म्हणाल्या, "नाही आबा, जागं राहायचं. तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात तरच मला कळेल मेंदू बरा आहे." आणि माझ्या उजव्या हातात एक रबरी बदक दिलं. लहान पोरांचं, दाबलं की चूं वाजणारं. गाठ डावीकडे, आणि मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते. मी सांगेन तेव्हा दाबा, असं त्यांनी सांगितलं.

सत्तर वर्षांचा मी, पंचक्रोशीत मान असलेला माणूस, टेबलावर उघडा पडून बदक वाजवत होतो.

मांडीच्या सांध्यात सुई देऊन ती जागा बधिर केली. तिथून एक बारीक नळी आत सारली. मांडीतून पोटात, पोटातून छातीत, छातीतून मानेत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. काही कळत नव्हतं, म्हणजे आत दुखत नव्हतं. फक्त मधेच मानेत ऊब यायची.

"आबा, नाव सांगा."

मी सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"बदक."

चूं.

"काय पिकवता?"

"केळी."

"बदक."

चूं.

सगळा वेळ माझ्या कानात ती मोटर चालू होती. घूं, घूं, घूं. महिन्याभराची सोबत, मला तिची सवय झाली होती. बाई म्हणाल्या, "आता हलायचं नाही. गिळायचंसुद्धा नाही." मी छताकडे पाहत राहिलो.

आणि मोटर बंद पडली.

हळूहळू नाही. एकदम. लाईट जाते तशी. कानात इतकं शांत झालं की मला वाटलं, संपलं. मी मेलो. मरण असंच असतं, आवाज बंद होतो. मला लता दिसली, ओट्यावर खांबाला टेकून, ओठ सुकलेली. का ती दिसली ते मला माहीत नाही.

"आबा! बदक!"

मी दाबलं. चूं.

"पुन्हा."

चूं. चूं. चूं. मी दाबतच राहिलो. बाई पहिल्यांदा हसल्या. "पुरे आबा, कळलं."

टीव्हीवर त्यांनी मला दाखवलं. नळी सरळ वर चाललेली. वांगं नव्हतं.

त्यानंतर दिवसभर उजवा पाय हलवायचा नाही, मांडीवर वाळूची पिशवी. दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं. गाठ होती तशीच होती, पण निर्जीव. शेवंतानं बाईंना विचारून अलगद हात ठेवला, डोळे मिटून बराच वेळ ठेवला आणि म्हणाली, "नही लागत."

चौथ्या दिवशी सोडलं. पण बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. आठ दिवस धुळ्यातच राहायचं, कधी काही झालं तर दवाखाना जवळ पाहिजे. आणि पाणी भरपूर प्यायचं. फोटोसाठी अंगात जे औषध सोडतात ते किडनीवाटे बाहेर जातं, आणि माझ्या रक्ताच्या तपासणीत किडनीवर थोडा ताण दिसत होता.

धुळ्यात आमचं घर एकच. लताचं.

मी तांब्या दवाखान्यात भरून घेतला आणि तिच्या घरी गेलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा ओट्याच्या आत पाऊल टाकलं. संजयरावांनी खिडकीशी खाट टाकून ठेवली होती. ते धुळ्याकडचे, अहिराणी बोलतात. "आबा, तुमीन काळजी नका करा," ते म्हणाले, "बठ्ठं बराबर व्हई." सगळं ठीक होईल असा धीर देऊन दुकानावर निघून गेले.

दुपारपर्यंत तांब्या संपला. ऊन रणरणत होतं. शेवंता झोपली होती. लता आली, तिनं तांब्या उचलून हलवला आणि बाहेर गेली. मला वाटलं, बाहेर कुठं नळ असेल.

मी खिडकीतून पाहिलं. ती पदर डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडून समोरच्या घराशी गेली. दार बंद होतं. तिनं कडी वाजवली. कोणी उघडलं नाही. ती उन्हात उभी राहिली, तांब्या पोटाशी धरून. पुन्हा वाजवली. तिच्या चपला इकडेच राहिल्या होत्या. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

दार उघडलं. समोरची म्हातारी झोपेतून उठून आली होती. तिनं तांब्या पाहिला. मग तिनं गल्लीपलीकडे खिडकीत मला पाहिलं. ती मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"आबा, सोळा वरीस व्हयनात. तुमीन येतस तवय तुमना च्या मन्हा घरथून जास. मन्हा घरनं पानी तुमले चालस, आनि आंडेरना घरनं चालत नही?"

आंडेर म्हणजे लेक.

चहा. मी धुळ्याला गेलो की ओट्यावर मला चहा मिळायचा, हे मी वर लिहिलं नाही, कारण मला त्यात काही वाटलंच नव्हतं. लता सांगायची, शेजारून आणला आबा, तुम्हाला चालतो. आणि मी प्यायचो. सोळा वर्षं माझी लेक माझ्या चहासाठी दुसऱ्याची कडी वाजवत होती. मी गल्लीकडे पाठ करून बसायचो, म्हणून मी ते कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. या बाईला मूल नाही, म्हणून हिचा बाप हिच्या घरचं पाणी पीत नाही, हे मी प्रत्येक खेपेला गल्लीभर सांगून जात होतो.

डॉक्टरांनी दोन मिनिटं म्हटलं होतं तेव्हा जसा घाम फुटला, तसाच परत फुटला. फोडायला निघालो ते गळू नव्हतं आणि अभिमानानं पाळत आलो तो शब्दाचा पक्केपणा नव्हता. दोन्ही ठिकाणी माझा हात हलका होता अशी माझी समजूत.

मी खाटेवरून उठलो. मांडी ओढत होती. भिंत धरून स्वयंपाकघरात गेलो. कोपऱ्यात माठ होता, त्यावर ओलं फडकं. मी झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि तसंच तोंडाला लावलं. सदऱ्यावर सांडलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

लता भरलेला तांब्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते माहीत नाही.

मला माफी मागता येत नाही. मी कधी मागितलेली नाही. मी म्हणालो, "तुझं पाणी गार आहे."

"वाळा टाकला आहे," ती म्हणाली.

"संध्याकाळी काय करणार आहे?"

"तुम्ही सांगा ते."

"कळण्याची भाकर कर. पण पीठ नीट पाहून घे, तुझी आई त्याच्यात काय ठेवेल नेम नाही."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. शेवंता आतून ओरडली, "ऐकू आलं मले!"

त्याला आता तीन महिने होतील. एका महिन्यानं डॉप्लर केली, म्हणजे रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी. जाळी जागेवर आहे, नळी मोकळी आहे. गाठ विरून बोराएवढी राहिली. बोलायचा आवाज परत आला. पापणी अजून थोडी खाली आहे. गोळ्या चालू आहेत, किती दिवस ते बाई ठरवतील, मी ठरवणार नाही.

ओट्यावर अजून लोक येतात. मी हात लावत नाही. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाला म्हणतो, तू हात ठेव, अलगद. तुझ्या हाताला ठोके लागतात का सांग. लागले तर आत्ताच्या आत्ता मोठा दवाखाना. नाही लागले तरी दवाखाना, पण चालत गेलात तरी चालेल. काही जण नाराज होऊन जातात. एक जण म्हणाला, नाना घाबरला. हो, घाबरलो. घाबरायला मला सत्तर वर्षं लागली.

जळगावच्या डॉक्टरांचे, धुळ्याच्या बाईंचे उपकार मी फेडू शकत नाही. शेवंताचे तर मी तोंडावर बोलूनही दाखवत नाही, म्हणून इथं लिहिले. वस्तरा अजून पिठातच असेल. मी विचारलं नाही.

धुळ्याहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी लताचा फोन आला. "आबा, तुमचा तांब्या इथंच राहिला. यांच्यासोबत पाठवू का?"

"राहू दे तिथं," मी म्हटलं. "मी आलो की त्याच्यातच पाणी देत जा."